श्रम-अर्थशास्त्राच्या परिषदेत पहिला पेपर वाचायचाय? तयारी अशी करा

मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवते. विडी, यंत्रमाग, बांधकाम, ऊसतोड अशा कामांवर पीएच.डी. करणारी मुलंमुली माझ्याकडे येतात आणि विषयात जरा रुळली की विचारतात, "मॅडम, आयएसएलईला पेपर पाठवू का?" पाठवावाच, असं माझं ठाम मत आहे. फक्त तो प्रमाणपत्रासाठी पाठवू नये. प्रमाणपत्र नुसतं हजर राहूनही मिळतं. तुमच्या मोजमापातली फट मात्र तिथे बसलेल्या एखाद्या माणसालाच दिसते, आणि पेपर छापून येण्याआधी ती दिसली तर तुमचं काम सुधारतं. जायचं ते यासाठी. पुढे जे लिहिते आहे ते हेच डोळ्यांसमोर ठेवून.

आयएसएलई म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ लेबर इकॉनॉमिक्स. ही संस्था १९५७ सालची. तिच्या स्थापनेत व्ही. व्ही. गिरींचा मोठा वाटा होता. गिरी पुढे राष्ट्रपती झाले हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधी ते रेल्वे कामगारांचे पुढारी होते आणि केंद्रात कामगारमंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यावरून सरकारशी पटलं नाही तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. अशा माणसाचा हात लागलेल्या संस्थेत अर्थतज्ज्ञांबरोबर कामगार संघटनांची माणसंही येऊन बसतात, आणि मला ती परिषद आवडते ती त्यामुळेच. संस्थेचं त्रैमासिक १९५८ पासून निघतं. वार्षिक परिषद बहुधा हिवाळ्यात, दरवेळी वेगळ्या ठिकाणी भरते. साठावी परिषद डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे मुंबईत, गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत झाली. त्याच्या पुढच्या वर्षीची पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात.

दिल्ली-मुंबईच्या नामवंत संस्थांतली मुलं तिथे भारी इकॉनॉमेट्रिक्स घेऊन येतात. ते पाहून आपल्याकडची मुलं दबतात. दबायचं कारण नाही. तुम्ही ज्या वस्तीत पाहणी करता तिथे तुम्हाला दार उघडून आत घेतात, चहा देतात, मजुरीचं कार्ड काढून दाखवतात. हे बळ त्या सभागृहात फार थोड्यांकडे असतं. मात्र ते तक्त्यात उतरलं पाहिजे.

प्रश्न लहान करा

"महाराष्ट्रातील असंघटित कामगारांच्या समस्या: एक अभ्यास" हा प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर पंधरा मिनिटांत देता येत नाही, पंधरा वर्षांतही नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर चुकीचं ठरू शकेल.

काही उदाहरणं देते. विडी कामगार कल्याण निधीसाठी गोळा होणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर बंद झाला. त्यानंतर एखाद्या वस्तीत विडी कामगारांच्या किती मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, आधी किती मिळत होती? इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे आहेत त्यावर ठरते, ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे अशी. मग एकाच कामगाराने सांभाळायच्या मागांची संख्या वाढली तेव्हा त्याच्या हातात पडणारी रक्कम त्याच प्रमाणात वाढली का? कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरी त्याच काळात कुठे गेली? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात, उचलही कोयत्यावर मिळते. हंगाम संपल्यावर फिटली नाही तर ती बाकी पुढच्या वर्षावर जाते. मुकादमाच्या वहीत बायकोच्या नावाने वेगळा आकडा कुठे असतो का? हे प्रश्न छोटे दिसतात, पण प्रत्येकात एक पेपर आहे.

विषय निवडताना दुसऱ्यांनी आधी काय केलं आहे ते वाचा. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या तोडणी मजुरांवर काम केलं, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. ऊसतोडीवर पेपर लिहून ते न वाचता गेलात तर पहिला प्रश्न तोच येईल. मराठवाड्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तेही माहीत हवं.

परिषदेच्या सूचनापत्रकात त्या वर्षीचे मुख्य विषय दिलेले असतात. तुमचा प्रश्न त्यातल्या एकात सरळ बसतो का पाहा. ओढूनताणून बसवू नका. नाही बसला तर पुढच्या वर्षी पाठवा. लेखकाने संस्थेचं सदस्य असणं अपेक्षित आहे का, सारांशाची शब्दमर्यादा किती, पूर्ण पेपरची तारीख कोणती, हे सगळं त्या पत्रकातच असतं. ते छापून भिंतीला चिकटवा.

सारांश चार वाक्यांत

"भारत हा एक विकसनशील देश असून" अशी सुरुवात करणारे सारांश परीक्षक वरवर चाळतात. पहिल्या वाक्यात तुमचा प्रश्न. दुसऱ्यात माहिती कुठून घेतली: कोणतं गाव, कोणती वस्ती, किती घरं, कोणत्या महिन्यात. तिसऱ्यात काय सापडलं, आकड्यासह. चौथ्यात त्यामुळे आधीच्या समजुतीत काय बदलतं. यापलीकडे एकच गोष्ट घाला: तुमच्या माहितीची मर्यादा, अर्ध्या वाक्यात. ती लिहिणारा माणूस भरवशाचा वाटतो.

तिसरं वाक्य लिहिता येत नसेल तर काम अजून कच्चं आहे. "निष्कर्ष मांडण्यात येतील" असं लिहून सारांश पाठवायची पद्धत पडली आहे. ती सोडून द्या.

पीएलएफएस वापरणार असाल तर

आपल्या क्षेत्रपाहणीला देशपातळीची चौकट म्हणून बहुतेक जण पीएलएफएसचे, म्हणजे पीरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे या सरकारच्या रोजगार पाहणीचे, आकडे घेतात. २०११-१२ पर्यंत राष्ट्रीय नमुना पाहणीची रोजगारावरची मोठी फेरी साधारण पाच वर्षांनी एकदा होत असे. २०१७-१८ पासून तिची जागा पीएलएफएसने घेतली. व्यक्तिनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की फुकट मिळतो. नुसत्या अहवालातले तक्ते उतरवून काढू नका. डेटा उतरवा, स्टाटा किंवा आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिका, आणि आधी एखादा छापलेला आकडा स्वतः काढून जुळतो का पाहा. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

जुळत नसेल तर बहुधा वजनाची भानगड असते. पाहणीतली प्रत्येक व्यक्ती हजारो माणसांच्या वतीने बोलत असते, म्हणून तिच्या नोंदीला गुणक असतो. २०१७-१८ पासूनच्या फायलींत एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर गुणक १०० ने भागायचा, नसतील तर २०० ने. आणि वर्षभराचा अंदाज हवा असेल तर किती तिमाह्यांची माहिती आहे त्या संख्येनेही भागायचं. डेटासोबतच्या रीडमी फाइलमध्ये हे लिहिलेलं असतं. ज्या वर्षाचा डेटा त्या वर्षाचीच रीडमी वाचा.

मग व्याख्या. "कामात असणं" तुम्ही कोणत्या अर्थाने घेतलंत? वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीने, मुख्य आणि दुय्यम दोन्ही कामं धरून? की मागच्या सात दिवसांत एक तास तरी काम केलं या साप्ताहिक स्थितीने? या व्याख्यांच्या मुळाशी एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा १९७० सालचा अहवाल आहे. आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच आकडा सांगून भागत नाही, असं त्या समितीचं म्हणणं होतं. तक्त्याच्या शीर्षकात व्याख्या लिहा. ती नसेल तर सत्राचा अध्यक्ष विचारतोच, आणि तुमच्या भाषणाच्या बारा मिनिटांतली दोन त्यात जातात.

जानेवारी २०२५ पासून या पाहणीची रचना बदलली, मासिक अंदाज यायला लागले, नमुना निवडण्याची पद्धतही बदलली. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची एकच रेघ काढून "वाढ झाली" म्हणू नका.

आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. विडी उद्योगाचा संकेतांक १२००२. तो लावून आधी वजन न देता नोंदी मोजा. एका जिल्ह्यासाठी मूठभर नोंदी निघाल्या तर त्यावरून जिल्ह्याची सरासरी मजुरी सांगू नका. मग त्या बायका कोणत्या वर्गात नोंदल्या आहेत ते पाहा. घरी बसून विड्या वळणारी, कारखान्याकडून पान-तंबाखू आणून माल परत देणारी बाई या पाहणीत बहुधा स्वयंरोजगारात जाते, कारण घरखेप कामगारांना तिथे त्याच वर्गात धरतात. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा मात्र तिला कामगारच मानत होता, घरी काम करणाऱ्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. तेव्हा पेपरमध्ये कायद्याचं नाव घेताना तारीख सांभाळा: तुमची पाहणी संहितांच्या आधीची की नंतरची? कामगार संघटनेचा माणूस समोर बसला असेल तर तो हे सोडणार नाही, आणि त्याने सोडूही नये.

एक तक्ता, पण पुरता

माझ्या विद्यार्थ्यांकडून मी पेपर लिहिण्याआधी एकच तक्ता मागते. सगळा पेपर त्यावर उभा राहतो. विडीच्या मजुरीचा तक्ता कसा उलगडतो ते इथे सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या विषयातही तेच करता येईल. आकडे गणितासाठी धरलेले आहेत. खरे तुमच्या पाहणीतून येतील.

पाहणीला गेलेला विद्यार्थी विचारतो, "हजाराला किती मिळतात?" बाई सांगते, दोनशे. "दिवसाला किती वळता?" आठशे. विद्यार्थी लिहितो: रोज १६० रुपये. सात तास काम, म्हणजे तासाला जवळपास २३. फॉर्म भरला, पुढचं घर.

आता त्याच बाईजवळ अर्धा तास बसा. ती पान भिजवते, कात्रीने कापते, तंबाखू भरून वळते, दोरा बांधते, तोंड मुडपते. हात चालूच असतात आणि बोलणंही. मग विचारा, माल जमा करताना किती विड्या बाजूला काढतात? आठशेतल्या चाळीस. त्यांचे पैसे नाहीत. राहिल्या ७६०, मजुरी १५२. पान पुरतं का? नाही, गठ्ठ्यातली बरीच पानं भोकं पडलेली निघतात, मग बाजारातून आणावी लागतात. रोजचे चौदा रुपये धरा. राहिले १३८. आठवड्यातून किती दिवस माल मिळतो? पाच. म्हणजे आठवड्याला ६९०. सातही दिवसांवर वाटले तर दिवसाला ९९ सुद्धा होत नाहीत. आणि शेवटी, पानं कोण कापतं? शाळेतून आलेली मुलगी, तीन तास. तेव्हा १३८ रुपये सात तासांचे नाहीत, दहा तासांचे आहेत. तासाला १३ रुपये ८० पैसे.

२३ आणि १३.८० यांच्यात जे अंतर आहे तो तुमचा पेपर. तक्त्यात प्रत्येक पायरीची वेगळी ओळ करा: सांगितलेला दर, रद्द विड्या, स्वतः घेतलेलं पान, कामाचे दिवस, घरातल्या दुसऱ्यांचे तास. कोणती पायरी सगळ्यात मोठी आहे हे घराघरांत बदलतं, आणि तो बदल कशाने होतो हे शोधणं म्हणजेच संशोधन. किमान वेतनाशी तुलना करायची असेल तर कोणत्या ओळीशी केली ते लिहा. सांगितलेल्या दराशी केलेली तुलना मालकाच्या बाजूची होते, शेवटच्या ओळीशी केलेली बाईच्या बाजूची. तुम्ही दोन्ही दाखवा.

सोलापुरातल्या विडी कामगारांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका मोठ्या संख्येने आहेत. तेलुगू येत नसेल तर वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीला सोबत घ्या, तिला मानधन द्या आणि पेपरमध्ये तिच्या कामाची नोंद करा. सुपरवायझरला किंवा त्याच्या ओळखीच्या माणसाला दुभाषी म्हणून नेऊ नका. त्याच्यासमोर रद्द विड्यांचा आकडा कोणीही खरा सांगत नाही.

माल जिथे जमा होतो त्या केंद्राचं नाव, बाईचा चेहरा, मजुरीच्या कार्डाचा फोटो, यातलं काहीही स्लाइडवर येता कामा नये. सभागृहात कोणीतरी मोबाइलने स्लाइड टिपतं, ती फिरत फिरत गावात पोचते आणि एका बाईचं काम बंद होतं. याबाबत मी विद्यार्थ्यांशी फार कडक असते.

बारा मिनिटं

वेळ बहुधा दहा ते पंधरा मिनिटं मिळते. बारा धरून तयारी करा. स्लाइड आठ पुरतात, त्यातली एक तक्त्याची आणि ती सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर राहू द्या. पूर्वीच्या अभ्यासांवर एक मिनिट, त्याहून जास्त नको. "प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, संशोधनपद्धती" अशा चार स्लाइड करून मुलं अर्धा वेळ घालवतात आणि निष्कर्षाला आल्यावर घंटा वाजते. उलटं करा. दुसऱ्याच मिनिटाला तक्ता दाखवा, मग तो कसा मिळाला ते सांगा.

इंग्रजीची भीती हा आपल्याकडच्या मुलांचा खरा अडसर आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. मराठी माध्यमातून आलेली, विषयात पक्की असलेली मुलगी इंग्रजी अडखळतंय म्हणून पेपर पाठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उपाय आहेत. भाषण लिहून काढा, पण छोट्या वाक्यांत. एका वाक्यात एकच क्रियापद. आठ दिवस रोज मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. कागद हातात असू द्या, त्यात कमीपणा नाही. आकडे मात्र पाठ हवेत.

प्रश्नोत्तरांसाठी तीन-चार वाक्यं तयार ठेवा. "माय डेटा कॅनॉट से दॅट" हे त्यातलं पहिलं. ते न लाजता म्हणा. तुमच्याकडे उत्तर नसेल तर तेच खरं उत्तर आहे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. प्रश्न हिंदीत आला तर हिंदीत उत्तर द्या, आणि इंग्रजी अगदीच अडलं तर अध्यक्षांची परवानगी घेऊन हिंदीत बोला. कामगारांच्या प्रश्नांवर आयुष्य घालवलेली माणसं समोर असतात. भाषेवरून तुमचा अपमान करणारे विरळा, आशयाकडे कान देणारे पुष्कळ.

प्रश्न लिहून घ्यायला सोबतच्या एखाद्याला बसवा. बोलणाऱ्याला त्या क्षणी काही आठवत नाही. विचारणाऱ्याचं नावही टिपायला सांगा.

तिकडे गेल्यावर

प्रवासाचं थोडक्यात: रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं की त्याच दिवशी बघा. डिसेंबरात उत्तरेकडे परिषद असेल तर धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्लीला जाऊन पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये एक रात्र ठेवा. स्वेटर आपल्या थंडीचा पुरत नाही. कॉलेजकडून खर्च मिळणार असेल तर तिकिटं, नोंदणीची पावती, हजेरीचं पत्र एका पाकिटात.

आपला पेपर झाला की मुलं फिरायला निघून जातात. मला हे पटत नाही. तुमच्या सत्रातले बाकीचे पेपर शेवटपर्यंत ऐका. तुमच्याच विषयावर दुसऱ्या राज्यात काम करणारी माणसं तिथेच भेटतात. विडीवर काम करत असाल तर मुर्शिदाबाद, सागर, निजामाबाद, मंगळुरू इथल्या पाहण्या ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. गिरींच्या नावाचं स्मृतिव्याख्यान असेल तर चुकवू नका. समांतर सत्रांत निवड करताना नामांकित वक्त्यापेक्षा तुमच्या मोजमापाशी जवळचा विषय धरा.

चहाच्या वेळी आपल्याच गावच्या घोळक्यात उभं राहू नका. ज्यांचं लेखन वाचलंय त्यांच्याजवळ जा, नाव सांगा, आणि "सर, मार्गदर्शन करा" असं मोघम न म्हणता नेमकं विचारा: "घरातल्या मुलीचे तास मजुरीत कसे धरायचे? तुम्ही तुमच्या पाहणीत काय केलंत?" असा प्रश्न विचारला की मोठी माणसं खुर्ची ओढून बसतात, हे मी पाहिलेलं आहे. तुमचा तक्ता आणि पत्ता असलेला एक कागद जवळ ठेवा, तो द्या. फोटो काढायचा तर नंतर काढा.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात टिपलेले प्रश्न समोर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: आहे त्या माहितीत उत्तर देता येतं, पुन्हा वस्तीत जावं लागेल, किंवा हा प्रश्न माझ्या पेपरचा नाही. दुसऱ्या प्रकारचे एक-दोन प्रश्न निघतातच. त्यासाठी पुन्हा जा. महिना उलटला की अंगातलं वारं जातं आणि पेपर तसाच पडून राहतो. पैसे घेऊन आठवड्याभरात छापून देणाऱ्या जर्नलांचे ईमेल परिषदेनंतर येऊ लागतात; त्यांना उत्तर देऊ नका. नीट परीक्षण करणाऱ्या जर्नलला पाठवा, दोनदा नाकारलं तरी त्या अभिप्रायातून शिकायला मिळतं.

मराठीतही लिहा. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं अधिवेशन आहे, तिचं 'अर्थसंवाद' हे त्रैमासिक आहे. इंग्रजी पेपरचं भाषांतर तिकडे पाठवू नका, नव्याने लिहा. इथल्या वाचकाला हजारी दर काय हे समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे तुम्ही सरळ मुद्द्यावर येऊ शकता.

आणि ज्यांच्या घरात बसून माहिती घेतलीत त्यांना तक्ता दाखवा. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या मोठ्या वसाहतीत सभा घ्यायची असेल तर संघटनेच्या कार्यकर्त्यांना विचारून वेळ ठरवा. माल जमा करण्याच्या वेळेत कोणी येणार नाही. प्रोजेक्टर नको, फळा किंवा मोठा कागद पुरे. सांगितलेल्या दरापासून सुरू करून एकेक ओळ वजा करत खाली या आणि प्रत्येक ओळीला थांबून विचारा, हे बरोबर आहे का. बायका लगेच दुरुस्त्या सांगतात: दोरा कोण देतं, कात्रीला धार लावायला किती जातात, माल पोचवायला रिक्षाचे किती, पावसाळ्यात विड्या शेकवायला सरपण किती. तुमच्या फॉर्ममध्ये यातलं काय सुटलं ते तिथेच लिहून घ्या आणि पाच-दहा घरांत पुन्हा विचारून खात्री करा. जर्नलला जाणाऱ्या मसुद्यात ती ओळ घाला, आणि ती या सभेतून आली असं तळटीपेत लिहा.